हाच निरोप समजावा

४ एप्रिल, शुक्रवार

आज मरणाचे चार, वाढदिवसाचे दोन, वास्तुशांतीचा एक. सीझन चांगला आहे – असं लिहू नये, पण लिहिलं. इथे कोण वाचणार आहे!

ही डायरी एका खतवाल्याने छापायला दिली आणि नेलीच नाही. चाळीस नग पडून आहेत. प्रत्येक पानाखाली एक सुविचार – माझ्याच हाताने टाकलेला. आजच्या पानावर 'शब्द जपून वापरा.' बरं.

दुकानावर पाटी अजून 'दीपक प्रिंटर्स – लग्नपत्रिका व सर्व प्रकारची छपाई' हीच. छपाईचं मशीन मात्र तीन वर्षं चादर पांघरून बसलंय, वर गव्हाचं पोतं. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात आता कागद कोणालाच नको. सगळ्यांना मोबाईलवर टाकायला बॅनर पाहिजे, आणि तोही दहा मिनिटांत. मी सात मिनिटांत देते. झेंडूची माळ, समईची ज्योत, मधे फोटो, खाली शोकाकुल मंडळी. नाव बदललं, फोटो बदलला, झालं. वाचत बसायला वेळ कुठे!

एक गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात – 'सर्वांना व्यक्तिशः कळवणे शक्य झाले नाही. हाच निरोप समजावा.' पत्रिकेत 'हेच आमंत्रण समजावे' असायचं, त्यावरून सुचलं. लोकांना इतकं आवडलं! दारोदार सांगत फिरायचं काम मिटलं. आता माझ्याकडचं एकही मरण त्या ओळीशिवाय जात नाही. रावेरच्या एका दुकानदाराने ती ओळ चोरली. चोरू दे. मरणाच्या ओळीवर मालकी सांगून भांडू की काय!

दीपकचा वरच्या मजल्यावरून मेसेज – 'चहा?' जिना अकरा पायऱ्यांचा आहे. मी अंगठा पाठवला. लग्नाला वीस वर्षं झाली.

५ एप्रिल, शनिवार

उद्या रामनवमी. सकाळपासून राम, राम आणि राम. इच्छुक मंडळींचे सात-सात फोटो आणि रामाला कोपरा.

त्या गर्दीत योगेंद्र पाटलाचा मेसेज – 'भाभी, मामा ऑफ हो गए. जल्दी बॅनर बना दो.' नाव लोटू पाटील, राहणार इथलंच लालबाग. फोटो म्हणून आधार कार्ड पाठवलं. आधार कार्डावर चांगला धडधाकट माणूसही गेल्यासारखाच दिसतो, आणि हा तर खरंच गेलेला! मोठा केला तर नाक कुठलं नि मिशी कुठली कळेना. कॉम्प्युटरमध्ये शोधलं तर 'लोटू पाटील फायनल' हजर – फेटा बांधलेला, हसरा, झकास. टाकला. योगेंद्रला विचारलं, 'ओके?' अंगठा आला.

सात नाही, पाच मिनिटं!

७ एप्रिल, सोमवार

माणूस मारला मी.

म्हणजे मारला नाही, जिवंत आहे – आज दुकानात येऊन बसला होता. तेच तर!

माझ्या कॉम्प्युटरमधला लोटू पाटील म्हणजे फोपनारचा. दोन वर्षांपूर्वी केळीवाल्यांच्या कुठल्याशा सत्काराचा बोर्ड केला होता, तेव्हाचा फेटा. मेला तो लालबागचा. काल दिवसभर समाजाच्या ग्रुपवर नाव लालबागच्याचं, थोबाड फोपनारच्याचं. फोटो ओळखीचा म्हणून कोणी नावाखालचा पत्ता वाचला नाही. योगेंद्रने बॅनर न उघडताच अंगठा दिला होता. त्यांच्या घरातल्या म्हातारीने संध्याकाळी विचारलं, 'हा फेटेवाला कोन?' तेव्हा पत्ता लागला. तोवर दोनशे बारा श्रद्धांजल्या! सख्ख्या पुतण्याने परक्या फेट्याला हात जोडले.

आणि फोपनारला काय तमाशा! कोकिळाकाकू – लोटूकाकांची बायको – नळावर पाणी भरत होती. चार बाया येऊन तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. तीही रडली. हंड्यासकट रडली. मग तिला आठवलं की ह्यांना आत्ताच तर चहा देऊन आलेय. केळीचा व्यापारी बाग कापायला मजूर घेऊन निघालेला, तो अर्ध्या वाटेतून परत – मयताच्या घरी कशी कापणी करायची! घड झाडावरच पिकायला लागले.

मला वाटलं, हा माणूस आता दुकान डोक्यावर घेणार. उंच, पासष्टीचा, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. आला, स्टुलावर बसला, टोपी काढली.

'मी मेलो अन् मलेच कोनी सांगतलं नही!'

हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. मी पाया पडले, माफी मागितली. म्हणाले, 'जाऊ दे वं पोरी. वाच. काय काय लिव्हलं लोकाईनं, सगळं वाच.' त्यांच्याकडे बटणांचा फोन. ग्रुपचं फक्त ऐकून आहेत.

वाचलं. पाऊण तास. 'देवमाणूस गेला – जीवन चौधरी, फोपनार.' 'जीवन? त्यानं माह्या बांधावरचं जांभूळ तोडलं, तवा व्हतो का मी देवमानूस?' 'समाजाची कधीही न भरून निघणारी हानी.' 'हा कोन? मी नही वळखत.' एकेका नावाला एकेक शेरा. मजा येत होती त्यांना. मलाही.

शेवटचं वाचून झालं. म्हणाले, 'बस? इतलेच?' म्हटलं, दोनशे बारा आहेत काका! 'बाहेरगावचे?' नाशिक, सुरत, पुणे – सगळे ह्याच्यातच. 'बरं,' म्हणाले. टोपी घातली. दारात थांबून परत म्हणाले, 'उद्या अजून येतीन कोनाचे तं पाहून ठेव.'

माणूस आपल्या मरणालाही हावरा असतो!

८ एप्रिल, मंगळवार

दुरुस्तीचा बॅनर केला. मोठ्या अक्षरात – 'श्री. लोटू पाटील, फोपनार हे सुखरूप आहेत.' मेहनत घेतली, झेंडू काढून गुलाब टाकले. ग्रुपवर सोडला.

बघितलं एकतीस जणांनी. अंगठे तीन. आणि त्याच्याच खाली पुन्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली' – पाच! फोटो बघितला, हात जोडले, मोकळे.

भूमिकाला दाखवलं. आमचं कन्यारत्न, अकरावी, दुकानाचं इन्स्टा ती सांभाळते. म्हणाली, 'मम्मी, करेक्शन कौन शेअर करता है? त्याच्यात कंटेंटच नाहीये!' बरोबर आहे. मेल्याची बातमी धावत सुटते, जगल्याची लंगडत येते.

११ एप्रिल, शुक्रवार

रील झाली! भूमिकाने लोटूकाकांना दुकानासमोर उभं केलं, फेट्यासकट. 'काका, थोडा इमोशन दो ना.' काकांनी कॅमेऱ्याकडे असं पाहिलं जसं म्हशीकडे बघतात – विकत घ्यायच्या आधी.

बोलले मात्र स्वतःच्या मनाचं. 'राम राम. मी लोटू पाटील, फोपनार. मी हाये. घर तेच हाये, मारुतीच्या मांगं. दार उघडंच ऱ्हाते. आखाजीले या.'

भूमिका म्हणाली, शेवटचं कापू, बोअर होतंय. काका एकदम कडक झाले. 'ते कापाचं नही. बाकीचं काप पायजे तं.'

ठेवलं. वर भूमिकाने मोठ्या अक्षरात लिहिलं – 'मुर्दे का कमबॅक'.

१३ एप्रिल, रविवार

तीन लाख लोकांनी पाहिली. तीन लाख! बुऱ्हाणपूरची वस्तीसुद्धा तेवढी नसेल.

१५ एप्रिल, मंगळवार

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. 'वही दुकान ना, जो जिंदे को मार देती है?' – असं विचारत येतात आणि ऑर्डर देतात. चूक केली तर धंदा दुप्पट! सतरा वर्षं बिनचूक पत्रिका छापल्या तेव्हा कुत्रं फिरकलं नाही. एकाने विचारलं, माझ्या साडूचं पण असंच 'मजाक में' करून द्याल का. दीपक हिशेबाला बसला. मी म्हटलं नाही – पण लगेच नाही म्हटलं का? नाही. दोन मिनिटं विचार केला. लाज वाटते आता.

लोटूकाका आज चौथ्यांदा आले. एका मोबाईलच्या दुकानाने त्यांच्या हातून फीत कापवली. केळीच्या चिप्सवाला म्हणे पुडीवर फोटो मागतो. चौकात लोक सेल्फी घेतात. पण फोपनारची एक म्हातारी त्यांना बघून अजूनही पदर डोळ्याला लावते – तिला श्रद्धांजली पोचली, रील नाही पोचली.

येतात, स्टुलावर बसतात, तेच विचारतात. 'आलं का कोनाचं?' मी वाचून दाखवते. इंदूर, खंडवा, जबलपूर – कुठले कुठले लोक 'दादाजी लव्ह यू' लिहितात. ऐकतात. 'अजून?' एवढंच.

नक्की कोणाचं पाहिजे, ते सांगत नाहीत. मला राग येतो. माझंही काम असतं ना!

१७ एप्रिल, गुरुवार

फोपनारला जाऊन आले, स्कूटीवर. काकांनीच बजावलं होतं – 'तू मारलं ना, मंग घरी येऊन चहा पे. गावानं पाह्यलं पायजे.' ऊन मी म्हणतंय. दोन्ही बाजूंनी केळी, वाऱ्याने पानांच्या चिंध्या झालेल्या.

मारुतीच्या मागे घर. दोघंच राहतात, मूलबाळ नाही. अंगणात मोठा निंब. गेल्या गेल्या कोकिळाकाकूने तांब्या पुढे केला. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून घटाघटा प्यायले. तशी काका हसले.

'पानी पेली म्हन्जे सांगावा नही आनला तुनं.'

मला कळेना. मग सांगत बसले. काका अठरा वर्षांचे असताना गावात सायकल दोघांकडेच. कुठे कोणी मेलं की ह्यांना पाठवायचे – शाहपूर, रावेर, थेट नेपानगर. 'सांगावा घेऊन गेलेल्या मानसानं उंबऱ्याच्या आत पाय ठेवाचा नही. पानी पेवाचं नही. रीतच व्हती. वैशाखाचं ऊन, जीभ टाळूले चिकटे. घरातली बाई तांब्या घेऊन ये – अन् म्या हात मांगं घेतला की तिले कळून जाये. बोलाचं कामच नही पडे. पह्यले ती तांब्या खाली ठेवे, मंग इचारे – कोन?'

मी म्हटलं, केवढा त्रास, काका! आता बघा, एका मिनिटात सगळ्यांना कळतं.

'हव,' म्हणाले. 'तुह्या मोबाईलले तहान लागत नही ना.'

तेवढ्यात लाइट आली. काका मोटर सुरू करायला बागेत धावले, चहा तसाच टाकून. आणि काकू बोलली.

एक बहीण आहे काकांना. यमुना. धाकटी, एकुलती. दिली होती नेपानगरला, भगवान महाजनांकडे. ते पेपर मिलमध्ये होते, रिटायर झाल्यावर मुलाकडे नाशिकला गेले. नऊ वर्षांपूर्वी त्या मुलाचं लग्न झालं, आणि आमंत्रण आलं शेजाऱ्याच्या मोबाईलवर – पत्रिकेचा फोटो! मामाला! हळदकुंकू लावून, हातात अक्षत देऊन बोलवायचं सोडून! काकांनी बहिणीला लुगडं, भाच्याला कपडे, सगळा आहेर ट्रंकेत भरून ठेवलेला. म्हणाले, 'मले फोटो पाठवते? येईल न्यायला तं जाईन.' न्यायला कोणी आलं नाही. हे गेले नाहीत. भाऊ आला नाही म्हणून ती रुसली, न्यायला आली नाही म्हणून हे रुसले. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही. गावातही ह्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

'पन आखाजीले,' काकू म्हणाली, 'सकायपासून रस्त्याकडं तोंड करून बसते हा मानूस. इचारलं तं म्हनते, वारा पाहू ऱ्हायलो.'

आणि मग हळूच – 'मेल्याचं आयकून तरी ती पयत येईल, असं वाटत व्हतं त्याईले. दोनशे लोकाईनं लिव्हलं. तिनं नही लिव्हलं.'

एवढंसं तोंड झालं माझं. हावरा म्हटलं होतं मी त्यांना.

१८ एप्रिल, शुक्रवार

ठरवलं. मी मारलं, मीच बहीण आणून देते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीस तारखेला आहे, बारा दिवस पडलेत. सासरच्या लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचाच तो सण – नऊ वर्षांचा रुसवा ह्याच्यापेक्षा चांगल्या मुहूर्तावर कधी निघणार! एक नंबर तर शोधायचा. मोबाईलच्या जमान्यात माणूस सापडत नाही म्हणजे काय!

काकांना सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हटलं, आखाजीला तुमच्याकडे एक पाहुणा येईल असं वाटतंय. काकांनी कोण ते विचारलं नाही. मग – 'झोका बांधून ठेवू का?'

म्हटलं, बांधा.

२० एप्रिल, रविवार

ग्रुपवर टाकलं – 'यमुनाबाई भगवान महाजन, पेपर मिलवाले, हल्ली नाशिक – ह्यांचा नंबर कोणाकडे आहे का? अर्जंट.'

उत्तरं: तीन गुड मॉर्निंग. एक दात पांढरे करण्याचा उपाय. दोन नुसते जोडलेले हात. एक 'ॐ शांती'. एक 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

कपाळाला हात लावला. लोटूकाकांना रडणं ह्यांचं अजून संपत नाही! वरचा मेसेजसुद्धा कोणी वाचत नाही. इथे नंबर मागितला तरी श्रद्धांजली मिळते.

२२ एप्रिल, मंगळवार

नंबर नाही. पानाखाली सुविचार – 'शोधा म्हणजे सापडेल.' हा टाकणारीची मान धरावीशी वाटते, पण ती मीच.

२५ एप्रिल, शुक्रवार

काकांचा फोन. झोका बांधला म्हणाले. नवीन दोर आणला, नारळाचा, स्वतः बसून पाहिलं – 'माहं वजन झेलते, म्हन्जे कोनाचंबी झेलीन.' काकूने खापरावरच्या पुरणपोळीला गहू निवडायला घेतले. ट्रंकेतलं लुगडं उन्हात टाकलं, कसर नाही लागली, असंही सांगितलं.

मी म्हटलं, वा वा. नंबर अजून नाही.

भूमिका म्हणते, 'मम्मी, टेन्शन मत ले, एक रील और बनाते हैं – बहन की तलाश.' तिला ओरडले. मग विचार केला, तेही करून बघावं का.

२९ एप्रिल, मंगळवार

सगळं नीट लिहिते.

सकाळी दीपक वरून खाली आला – मेसेज न करता, अकराच्या अकरा पायऱ्या उतरून. म्हणाला, 'अगं, ते नाशिकचे महाजन – त्यांच्या मुलाने आपल्याकडूनच काहीतरी करून घेतलं होतं बघ मागे. नंबर ऑर्डरमध्ये असेल.' मी म्हटलं, आधी नाही सांगायचं! अकरा दिवस घालवले!

कॉम्प्युटरमध्ये 'महाजन' टाकलं. 'यमुनाबाई महाजन फायनल'. खूश झाले मी. वाढदिवस असेल म्हटलं. साठीचा.

उघडलं. झेंडूची माळ. समई.

तारीख गेल्या वर्षीची, अकरा फेब्रुवारी. काकांसारखंच नाक. शोकाकुल म्हणून भगवानराव, मुलगा, सून, नातू. माहेरच्या कोणाचं नाव नाही. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, माझी ओळ. एवढी वर्षं लिहितेय, आज पहिल्यांदा वाचली.

ग्रुपवर मागे मागे गेले. आहे. एकशे त्रेचाळीस लोकांनी हात जोडलेत. फोपनारचेच सतरा. 'देवमाणूस गेला – जीवन चौधरी.' बाईलाही देवमाणूसच. माझाही हात आहे त्यात. मीही जोडलेत. आठवत नाही.

आणि वीस तारखेला आलेली ती श्रद्धांजली, ती ॐ शांती – ती लोटूकाकांची नव्हतीच. लोकांनी मेसेज वाचून उत्तर दिलं होतं. मीच वाचलं नाही.

जीवन चौधरींना फोन केला. 'हव, माहीत हाये ना. वरीस झालं. का?' लोटूकाकांना कोणी सांगितलं? 'आता सख्ख्या भावाले माहीत नसन का! ग्रुपवर तं व्हतं.' म्हटलं, ते ग्रुपवर नाहीत. बटणांचा फोन आहे. मग – 'त्याच्यासमोर तिचं नाव काढत नही ना कोनी. मले वाटलं, दुसऱ्या कोनी सांगतलं असन.'

अजून तिघांना केला. तिघांनाही वाटलं होतं, दुसऱ्या कोणी सांगितलं असेल. कोकिळाकाकूलासुद्धा कोणी बोललं नाही – तिला कसं माहीत नसेल, म्हणून.

मग नाशिकला. मुलाने उचलला. मी अडखळत विचारलं, मामांना कळवलं नव्हतं का? तो तडकला. 'ग्रुपवर टाकलं होतं ना काकू, तुम्हीच तर बनवलं! सगळ्या गावाने पाहिलं. आईच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं म्हणून बाबांनी दुपारपर्यंत थांबवलं होतं. मामा आला नाही. शेवटी इथल्या दुकानातून साडी आणली.' मग आवाज उतरला. 'मरायच्या आधी ती म्हणायची, आखाजीला जाऊन येऊ, दादाने बोलावल्याशिवाय पण गेलं तर काय होतं. आम्हीच म्हटलं, कशाला.'

मी त्याला सांगितलं, मामांना माहीतच नाही. अजून नाही. फोन चालू होता, मला कोणीतरी रडताना ऐकू येत होतं. मीही रडले, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. एक जण म्हणाला, बाद में आता हूं.

ते लुगडं उन्हात टाकून घडी करून ठेवलंय फोपनारला. झोका बांधलाय. मी सांगितलं म्हणून!

दीपक म्हणतो, सण जाऊ दे, परवा सांग, एका दिवसाने काय बिघडतं. भूमिका म्हणते, मम्मी, कॉल कर. बोलायची हिंमत नसेल तर जीवनकाकांच्या मोबाईलवर व्हॉइस पाठव, ते ऐकवतील.

उद्या तो माणूस दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसणार. ह्या वर्षी वारा बघतो असंही म्हणणार नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी सातलाच फोपनारला पोचले. काका धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर. स्कूटीच्या मागच्या सीटवर कोणी आहे का, ते आधी पाहिलं. मग म्हणाले, 'एकलीच? बस येतेच आता रावेरची. ये, आत ये.'

मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. कोकिळाकाकू हसत तांब्या घेऊन आली. घसा कोरडा पडला होता.

हात मागे घेतला.